सुयांच्या उशीतले केस

३ तारीख, मंगळवार

आधी माफी मागून टाकते. शुद्धलेखन माझं कच्चं आहे. टायपिंगचं तर विचारूच नका, एका बोटाने चाललंय आणि त्या बोटालाही काल सुई टोचलीय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या. कोणाला सांगतेय कोण जाणे. हे कोणी वाचणार नाहीये.

खालच्या मजल्यावरची पार्लरवाली मावशी म्हणाली, आईचे केस घरी रंगवणार असशील तर लिहून ठेवत जा. किती चमचे, किती तास, काय रंग आला. नाहीतर दरवेळी नवा गोंधळ. म्हणून हे.

कारण असं की दादा येणार आहे! २९ तारखेला, रविवारी. सहा वर्षांनी. तो जहाजावर स्वयंपाकी आहे. आता इथे स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात त्याला काम मिळतंय. त्याने मावशीला कळवलं, "घरी एकदा जाऊन बघतो. तिथे मी हवा असेन तर काम घेतो, नाहीतर परत जहाज." मावशीला कळवलं कारण आई त्याचे फोन उचलायची नाही. मग त्यानेही करायचं सोडलं.

तो गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा त्याच्याआधीच वारले होते. बाबा शिंपी, आईही शिवते, दादाने पण मशीनवर बसावं असं तिचं म्हणणं. तो म्हणाला मला सुई-दोरा नको. खूप वाजलं. मी मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीजवळ बसले होते. तो दारात, बॅग खांद्यावर. आई म्हणाली, "जा. खुशाल जा. तू गेलास म्हणून माझा एक केससुद्धा पिकणार नाही, लक्षात ठेव." तो म्हणाला, "बघू." आणि दार लागलं.

आज मावशीने निरोप सांगितला तेव्हा आई एका पडद्याला दुमड घालत होती. मशीन थांबवलं नाही. मावशी गेली, दुमड संपली, दोरा तोडला, मग म्हणाली, "केसांचं काहीतरी करायला पाहिजे."

मला इतकं बरं वाटलं. दादासाठी छान दिसावं असं तिला वाटतंय म्हणजे राग गेला.

५ तारीख, गुरुवार

आईचे केस पूर्ण पांढरे आहेत. आमच्या पांढऱ्या रिळाचा दोरा असतो तसे. सत्तेचाळीस वय आहे तिचं फक्त. बाहेर जाताना ती रुमाल बांधते.

दुकानातला रंग चालत नाही. एकदा लावला होता तेव्हा डोळे सुजून बंद झाले, डॉक्टरांनी सांगितलं पुन्हा लावलात तर माझ्याकडे येऊ नका. म्हणून मेंदी. मावशीने पुडा दिला. कोमट चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, लिंबू पिळायचं, चार तास ठेवायची.

आई म्हणाली, "तुला जमेल?"

मी मान हलवली. मी जास्त बोलत नाही. शाळा नववीत सोडली कारण दादा गेल्यावर आईला आणखी दोन हात हवे होते. पण खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं होतं. वाचायला उभं केलं की माझ्या घशाला कुलूप लागायचं. इथे कसं, बटणं काही विचारत नाहीत.

८ तारीख, रविवार

देवा. नारिंगी.

केशरी नाही, तपकिरी नाही. नारिंगी. गाजर.

धुतल्यावर आई आरशासमोर उभी राहिली. मी मोरीतच थांबले. मग मला आवाज आला, वाटलं रडतेय. बाहेर येऊन बघते तर भिंतीला धरून हसतेय. "अगं, मला रस्त्यावर उभं केलं तर गाड्या थांबतील." मीही हसले. दोघी खाली बसून हसलो. शेवटी कधी हसली होती ते मला आठवत नाही.

मग एकदम उठली. म्हणाली, "एकवीस दिवस उरलेत."

१० तारीख, मंगळवार

कोटाच्या बाह्या आखूड करायला एक बाई आल्या. आईच्या रुमालातून एक बट बाहेर. बाई बघतच राहिल्या. आई म्हणाली, "हल्ली हीच फॅशन आहे." बाई म्हणाल्या, "हो का, मुलीने लावली वाटतं?" मी कात्री शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत पळाले.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, पांढऱ्यावर नुसती मेंदी अशीच चढणार, तिच्यावर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. आधी तांबडं, त्यावर निळं, दोन्ही मिळून काळं. आधी का नाही सांगितलं म्हटलं (मनात).

१२ तारीख, गुरुवार

निळीची पूड मेंदीसारखीच रात्रभर भिजवली. सकाळी आईच्या गुंतवळावर लावून बघितली. दोन तासांनी धुतली, काहीच नाही. गाजर ते गाजर.

मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं वेडे, ही मेंदी नव्हे! मेंदीला मुरवावं लागतं, हिला मुरवलं की ही मेली. पाणी घातलं की दहा मिनिटांत लावायला घ्यायची, नाहीतर फेकून द्यायची."

लिहून ठेवते. मेंदी थांबते. नीळ थांबत नाही.

गुंतवळ लागलं म्हणून आईचा डबा काढला. ती विंचरताना निघालेले केस फेकत नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. सुया-टाचण्या टोचायची उशी आमच्याकडे केसांनीच भरतात. केसांना तेल असतं, त्यामुळे सुया गंजत नाहीत. बाबांच्या आईपासून असंच चालत आलंय. हा डबा सहा वर्षांचा. झाकण उघडलं तर केस फुगून वरच आले. या आठवड्यातले नारिंगी तेवढे मी लावून बघायला उचलले होते; त्याखालचे पांढरे, मधले पांढरे. तळाशी हात घातला, तिथे थोडे काळे, थोडे करडे. असे पटकन बदललेले, बोटाच्या एका पेराएवढ्या थरात.

१४ तारीख, शनिवार

आई म्हणाली नुसतं काळं चालणार नाही, "पूर्वी होतं तसं" पाहिजे. पूर्वी कसं होतं ते मला नीट आठवत नव्हतं. फोटोत सगळ्यांचेच केस काळे दिसतात.

मग मला सुचलं. मशीनवर जी जुनी उशी आहे, लाल मखमलीची, ती आईने मी पाळण्यात असताना भरलीय. मी तिची एक बाजू दोन इंच उसवली आणि आतून एक बट ओढली. काळा नाहीच तो रंग. खूप गडद तपकिरी, उन्हात धरला की आतून तांबूस.

आईने ती बट हातात घेतली आणि खिडकीपाशी गेली. आम्ही कापडाला दोरा जुळवतो तेव्हा रीळ ठेवून बघत नाही, रिळावर दोरा नेहमी गडद दिसतो. एकच पदर उलगडून कापडावर आडवा टाकायचा, दिवसाच्या उजेडात. तो दिसेनासा झाला की जुळला. आईने तसाच एक केस काढून आपल्या पांढऱ्या कापडाच्या बाहीवर टाकला आणि बघत राहिली.

"ही मी?" म्हणाली.

मी म्हटलं, "हो." मला वाटलं ती विचारतेय की केस तिचेच ना.

१५ तारीख, रविवार

पुन्हा मेंदी, अडीच तास. धुवून पुसून लगेच नीळ, चिमूटभर मीठ घालून, घड्याळ लावून. नवव्या मिनिटाला पहिला भांग पाडला. लावलं, पुढचा पाडला, लावलं. नीळ ओल्या गवतासारखी वास मारते.

आईचं डोकं माझ्या हातात असताना ती वेगळीच असते. डोळे मिटते. आज म्हणाली, "तुझे हात त्याच्यासारखे आहेत. लहानपणी माझे पाय चेपायचा." मग, "त्याला काही सांगायचं नाही हं, हे लावल्याचं."

"बरं."

"शाळेचंही नाही."

"बरं."

"आपलं काही अडलं नाही, एवढं त्याला दिसलं पाहिजे."

धुतल्यावर हिरवट झाले! शेवाळ्यासारखे. मी रडकुंडीला आले. मावशीला हाक मारली, ती अर्ध्या गिऱ्हाईकाला सोडून वर आली, बघितलं आणि म्हणाली, "दोन दिवस हात लावायचा नाही. साबण नाही, काही नाही. हवा लागू दे."

१७ तारीख, मंगळवार

सकाळी आई उजेडात आली आणि माझ्या हातातलं बटण पडलं.

उशीतली बट आणली. एक केस तिच्या डोक्यावर आडवा टाकला. दिसेनासा झाला.

मावशी म्हणाली, "पोरी, माझ्याकडे कामाला ये." मी पडद्यामागे गेले पण मला ऐकू येत होतं. असं कोणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

२२ तारीख, रविवार

कानशिलांवर थोडं कमी चढलं होतं, तिथे दुसरा हात दिला. आता कुठेच काही नाही. मी भिंग घेऊन बघितलं. माझी नखं मात्र निळी झालीत, जात नाहीत.

आईने दादाच्या पलंगावर नवी चादर घातली. मी विचारलं, तो राहणार का. ती म्हणाली, "मी काय ज्योतिषी आहे?" आणि उशीला नवा अभ्रा घातला. मग काढला आणि जुनाच घातला, निळ्या रेघांचा, त्याचा.

२९ तारीख, रविवार

तो आला आणि गेला.

नीट लिहायला पाहिजे. हळूहळू लिहिते.

अकरा वाजता आला. बारीक झालाय. हातांवर भाजल्याच्या खुणा, एकाखाली एक, जिन्यासारख्या. दारात म्हणाला, "बॉबिन! केवढी झालीस!" मला तो बॉबिन म्हणायचा, मशीनखालच्या छोट्या रिळावरून. सहा वर्षं मला कोणी बॉबिन म्हणालं नव्हतं. मी हसले असावे.

आई मशीनवर बसली होती, रविवारी. म्हणाली, "आलास? चप्पल बाहेर काढ."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने मुद्दामच डोकं उघडं ठेवलं होतं, भांग लख्ख पाडून. भांगात उगवलेलं पांढरं मी शुक्रवारीच पुन्हा झाकलं होतं.

जेवताना आईने बटाटे केले होते, कडा करपवून. तो म्हणाला, "अजून करपवतेस."

"तुला तसेच लागायचे."

"लागतात."

त्याने तीनदा वाढून घेतले. मला वाटलं, झालं, राहणार हा.

जेवण झाल्यावर त्याने माझा हात धरला. "नखांना काय झालं?"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "शाई."

त्याचं तोंड एकदम मोकळं झालं. "शाळा चालू आहे म्हणजे! मला रोज वाटायचं, माझ्यामुळे हिची शाळा सुटली असेल. बरं झालं. खूप बरं झालं." माझ्या डोक्यावर टपली मारली. मी माझ्या नखांकडे बघत बसले.

मग आईचं लक्ष त्याच्या कोटाकडे गेलं. वरचं बटण लोंबत होतं. "काढ तो कोट," म्हणाली. तो म्हणाला, "असू दे." "असू दे काय? लोक म्हणतील शिंप्याचा मुलगा." "आई, जहाजावर कोणाला माहीत असणार?" "मला माहीत आहे ना." तो हसला पण कोट काही काढला नाही. मग तिने तसंच, अंगावरच शिवलं. तो उभा, ती त्याच्या छातीशी वाकलेली. चार टाके, दोऱ्याला वेढे, गाठ. कात्री हाताशी असूनही तिने दोरा दाताने तोडला, त्यामुळे तिचं डोकं त्याच्या हनुवटीखाली गेलं.

आणि तो तिच्या केसांकडे बघत होता. अगदी जवळून. मनात म्हणत होते, नको दिसू दे, नको दिसू दे.

म्हणाला, "गवताचा वास येतोय."

आई म्हणाली, "नवं तेल आहे."

मग हळूच म्हणाला, "खरंच की. एकही नाही."

मला आनंद झाला! लिहायची लाज वाटते, पण मला त्या क्षणी आनंद झाला. वाटलं, जमलं, माझं काम जमलं.

आई मागे सरकली. "काय एकही नाही?"

"काही नाही," तो म्हणाला. कोटाची बटणं लावली, सगळी. "चांगली आहेस तू. दोघीही चांगल्या आहात. मी उगाच काळजी करत होतो."

"आमची कसली काळजी?" आई म्हणाली. "आम्ही मजेत आहोत."

"हो. दिसतंय."

चारची गाडी होती. मुक्कामाचं आईने विचारलं नाही, त्यानेही नाही. बॅग तर दारातच होती, आत आणलीच नव्हती. म्हणाला, "येतो."

आई म्हणाली, "ये."

दार लागलं. त्याची पावलं जिन्यावर ऐकू येत होती. आई दाराकडे तोंड करून म्हणाली, "खालून तिसरी पायरी तुटलीय. सांगायचं राहिलं."

३० तारीख, सोमवार

तीन पँटी आखूड केल्या. आईने पलंगावरची चादर काढली नाही.

२ तारीख, बुधवार

मावशी वर आली. तिला दादाचा निरोप आलाय, हॉटेलातलं काम घेतलं नाही. दहा तारखेला जहाज.

आई म्हणाली, "त्याची मर्जी."

जिन्यात मावशीने मला धरलं. "काय झालं गं? तो म्हणतो, तिथे माझी गरज नाही, आईने शब्द पाळला. कसला शब्द?"

मला माहीत नव्हतं. मी मान हलवली.

दिवसभर विचार केला. आईने त्याला शब्द वगैरे काही दिला नव्हता. फोन सुद्धा उचलायची नाही, शब्द कुठून देणार?

३ तारीख, गुरुवार

दुसऱ्या हाताला नीळ किती चमचे घेतली होती ते बघायला हे सगळं मागे नेलं. वर, वर, पार पहिल्या दिवसापर्यंत.

मीच टाइप केलं होतं. एका बोटाने, पहिल्याच दिवशी. "एक केससुद्धा."

मी मशीनखाली जाऊन बसले. आता मावत नाही मी तिथे, गुडघे बाहेर येतात.

रंग जर वाईट लागला असता. मी जर कानशिलं तशीच सोडली असती. एक केस दिसला असता त्याला, एकच.

४ तारीख, शुक्रवार

मावशीकडून जहाजाच्या कचेरीचा पत्ता घेतला. तिने विचारलं, कशाला. मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, न अडखळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शाईचं सुद्धा. तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. खुर्चीतली बाई पण ऐकत होती, तिने मला कागदी रुमाल दिला.

फोन कर म्हणाली मावशी. फोनवर मला जमणार नाही. माझं मला माहीत आहे.

पत्र्याचा डबा काढला. राखाडी लोकरीचा तुकडा घेतला, सहा इंच बाय चार. तीन बाजू मशीनवर मारल्या. रंगवलेले बाजूला ठेवून केस आत भरले, तळाचे काळे आधी, मग करडे, मग पांढरे, पांढरे, पांढरे. उशी घट्ट झाली तरी डब्यात उरलेच. चौथी बाजू शिवली नाही, नुसत्या चार टाचण्या लावल्या, म्हणजे तो उघडून बघेल.

चिठ्ठीत काय लिहावं सुचेना. शेवटी एवढंच लिहिलं:

हे सहा वर्षांचे आहेत. ती शाई नव्हती. बॉबिन

पोस्टात खिडकीवरचा माणूस म्हणाला, आत काय आहे, लिहावं लागतं. मी लिहिलं, उशी.

१० तारीख, गुरुवार

आज जहाज सुटलं. पाकीट त्याआधी पोचलं की नाही कळायला मार्ग नाही.

२० तारीख, रविवार

आईच्या भांगात पांढरी रेघ आली. मोजपट्टी न लावता सांगते, पाव इंचाच्या वर.

आंघोळ करून ती खिडकीपाशी स्टुलावर बसली, खांद्यावर जुना टॉवेल. म्हणाली, "मेंदी भिजवलीस ना काल?"

मी म्हटलं, "नाही."

"का? पुडा संपला?"

"आहे पुडा."

"मग?"

मी हातातली टाचणी उशीत खोचली.

"अगं, तो कधीही येईल," ती म्हणाली. "तसाच आहे तो, न सांगता येईल. मग काय दिसेल त्याला?"

"दिसू दे," मी म्हटलं.

आईने वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. तिची नजर माझ्यावरून कपाटावर गेली, तिथे पत्र्याचा डबा होता. उठून तिने तो उचलला. हलका लागला असणार. झाकण उघडलं, बघितलं, बंद केलं.

"कुठे गेले?"

"दादाकडे."

ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली, डबा मांडीवर घेऊन. टॉवेल काढला नाही. तासभर झाला, अजून तशीच बसलीय, भांग उजेडात. मी समोर बसून हे टाइप करतेय आणि ती मला काय करतेस म्हणून विचारतही नाही. मघाशी एकदाच म्हणाली, "त्याचं बटण तरी टिकेल ना?" मी म्हटलं, "तू लावलंय. टिकेल."

आत्ता खाली रस्त्यावर धाडकन मोठा आवाज झाला. समोरच्या दातांच्या डॉक्टरांची पाटी पडली. कोणाला लागलं नाही. पाटीवरचा तो मोठा प्लास्टिकचा दात रस्त्याच्या मधोमध उभा आहे, आणि गाड्या त्याला वळसा घालून जातायत.